भाताची पद्धत

प्यो हारिमला झाड व्हायचं होतं.

एरवी जमीन-मोजणीच्या कचेरीत नोकरी करणाऱ्या, तेहतीस वर्षांच्या, चारचौघींसारख्या बाईला अशी इच्छा होत नाही. पण ‘चुंगचोंग आयांचा कट्टा’ नावाच्या त्या संकेतस्थळावर माणसं ही माणसं नसतात. आत शिरताना तुम्ही बी असता. नेमाने हजेरी लावलीत तर अंकुर होता, पुढे रोप होता आणि फार पुण्य साठलं तर झाड. बीला जाहिराती आणि प्रतिसाद तेवढे दिसतात. अंकुराला प्रश्न विचारता येतात. रोपाला वापरलेल्या बाबागाड्यांचा बाजार खुला होतो. झाडाला सगळं दिसतं. मोठमोठ्या देवळांतसुद्धा गाभाऱ्याच्या इतक्या पायऱ्या नसतील.

हारिमला बाबागाडी नको होती. तिला एकच लेख वाचायचा होता: ‘पाठीची घंटा कायमची बंद: माझा अनुभव’. लिहिणारीचं नाव ‘पहाटदव’. लेखाला कुलूप, फक्त झाडांसाठी. गंमत अशी की लेख दिसत नसला तरी त्याखालचे अठराशे प्रतिसाद कोणालाही दिसत. ‘ताई, तुम्ही माझा संसार वाचवलात.’ ‘वाचताना रडले.’ ‘हे मला आधी कोणी का सांगितलं नाही?’ मिठाईच्या दुकानाबाहेर उभं करून आत खाणाऱ्यांचे ढेकर ऐकवावेत, तसला हा प्रकार.

पाठीची घंटा म्हणजे काय, हे तिथे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. हारिमच्या मुलीचं कागदोपत्री नाव दोयॉन. पण पोटात असताना ठेवलेलं मांदू हेच नाव चिकटलं होतं, आणि मांदू या वाफवलेल्या, मोदकासारख्या सारणाच्या खाऊसारखीच ती गोल, ऊबदार आणि किंचित ओलसर असे. ही मांदू खांद्यावर असली की देवाघरचं लेकरू. पण पाठ गादीला टेकली रे टेकली की कारखान्याचा भोंगा. गादी बदलून पाहिली, गादी गरम करून पाहिली, हारिमने स्वतःचा सदरा गादीला घालून पाहिला. त्यात सदऱ्याला सुरकुत्या तेवढ्या पडल्या. एकाहत्तर दिवस हारिम उभ्याने जेवत होती, आणि एकाहत्तर दिवस रोज सकाळी केलेली कॉफी दुपारी गार सापडत होती.

नुसतं एवढंच असतं तर तिने सोसलं असतं. पण सासूबाईंनी मुदत घातली होती.

सासूबाई राहायच्या तासाभरावर, ऑक्चोनला. दर पंधरवड्याला त्यांचं खोकं यायचं: तिळाच्या पानांचं लोणचं, वाळवलेला मुळ्याचा पाला आणि बाळंतिणीने खायचं समुद्रशेवाळ. शेवाळ इतकं की हारिमला वाटे, समुद्राच्या तळाशी आता नुसती वाळू उरली असेल. त्या स्वतः आल्या की चप्पल काढताकाढता स्वयंपाकघरावर एक नजर टाकत. ती नजर ओट्यावरून, बेसिनवरून फिरत बाळाच्या पायांवर येऊन थांबे आणि मग त्या म्हणत, “पायमोजे?” प्रश्नचिन्हासकट तेवढा एकच शब्द. घरात सव्वीस अंश ऊब असली तरी पायमोजे.

आणि गेल्या खेपेला त्या इन्सोकला, म्हणजे हारिमच्या नवऱ्याला, जिन्यात गाठून सांगून गेल्या की सुनेचं तोंड बघवत नाही. शंभराव्या दिवसापर्यंत पोर खाली ठेवल्यावर झोपायला लागली तर ठीक, नाहीतर मी तिला ऑक्चोनला घेऊन जाते. सुनेची रजा संपेपर्यंत ती तिथे वाढेल, तुम्ही शनिवार-रविवारी भेटायला या. त्यांच्या गल्लीत दर तिसऱ्या घरात असं एक नातवंड होतं. इन्सोकने हा निरोप घरात येऊन, पाणी पिऊन, टायमधून मान सोडवून, शेवटी भिंतीकडे बघत सांगितला.

“तू काय म्हणालास?” हारिमने विचारलं.

“मी म्हणालो, बघू.”

या दोन अक्षरांबद्दल ती त्याच्याशी तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी तिला झाड व्हायचं सुचलं. शंभरावा दिवस एकोणतीस दिवसांवर होता.

झाड होण्याच्या अटी अशा होत्या: आपण खरोखरच आई आहोत याचा पुरावा, वीस दिवसांची हजेरी आणि इतर आयांच्या प्रश्नांना शंभर उपयुक्त प्रतिसाद.

आधी टोपणनाव. तिने चांदणी मागितलं, ते गेलेलं. पाकळी, झुळूक, चेरी, सगळी गेलेली. जगातली सगळी गोड नावं संपली आहेत हे कळल्यावर तिने टेबलावर समोर होतं ते टाइप केलं: गार कॉफी. तेही एकाहत्तर जणींनी आधीच घेतलं होतं. ती ‘गार कॉफी ७२’ झाली, आणि त्या संबंध कट्ट्यावर तिला खरा जिव्हाळा वाटला तो याच एका क्षणी.

मग पुरावा. आरोग्य केंद्राची बाळंतिणीची वही, शेजारी हाताने लिहिलेलं टोपणनाव आणि तारीख, असा फोटो. पहिला फोटो नामंजूर: तारखेवर अंगठा. दुसरा नामंजूर: तारखेवर पाय. पाय कोणाचा हे दिसत होतं. जिच्या असण्याचा पुरावा मागत होते तिचाच तो पाय, पाची बोटं पसरलेला. पण नियमात पायाचा उल्लेख नव्हता. तिसरा फोटो नामंजूर, कारण तोवर तारीख उलटून गेली होती. कट्ट्यावरच्या देखरेखवाल्या बायकांना तिथे माळीणबाई म्हणत. हारिमने त्यांना अत्यंत अदबीने लिहिलं की आपण मोजणी खात्यात आहोत, कागदपत्रांतलं आम्हाला कळतं. माळीणबाईंनी उत्तर दिलं की मग दोन्ही हात मोकळे ठेवून फोटो काढणं आपल्याला जड जाऊ नये. दोन्ही हात मोकळे. ज्या बाईने हे लिहिलं ती आई नसावी अशी हारिमची खात्री पटली.

चौथा फोटो इन्सोकने काढला. मंजूर.

आता प्रतिसाद. पहिल्या दिवशी हारिमने प्रामाणिकपणे अकरा जणींना लिहिलं: ‘मलाही माहीत नाही, पण हिंमत ठेवा.’ संध्याकाळी सूचना आली: ‘आपले अकरा प्रतिसाद तण म्हणून उपटण्यात आले आहेत. कृपया उपयुक्त माहिती द्यावी.’

म्हणजे माहीत नाही हे खरं सांगणं तण, आणि माहीत नसताना सांगणं उपयुक्त. कट्ट्याचं हे शास्त्र हारिमला समजलं त्या दिवसापासून तिची वाढ झपाट्याने झाली. छातीवर मांदू बांधलेली, एका हाताच्या अंगठ्याने ती उत्तरं देऊ लागली. उचकी लागते? खिडकीकडे तोंड करून धरा. नखं कापू देत नाही? आधी स्वतःची कापून दाखवा. बारशापासून डावीकडेच बघते? उजवीकडे उभ्या राहा. हिच्याइतकंच अज्ञान असलेल्या शेकडो बायका हिचे आभार मानत होत्या, आणि तिला कळून चुकलं की या कट्ट्यावर सल्ला देणाऱ्या आणि घेणाऱ्या या दोन जाती नाहीतच. एकच जात आहे, फक्त काहींची बाळं त्या घटकेला झोपलेली असतात.

अडतिसाव्या प्रतिसादाच्या वेळी ती भात लावत होती. कोणीतरी नेमका तिचाच प्रश्न विचारला होता: खाली ठेवलं की रडतं, काय करू? तेवढ्यात राइस कुकरची वाफ सुटली आणि कुरकुरणारी मांदू त्या फुसफुसाटाने चाळीस सेकंद गप्प झाली. त्या चाळीस सेकंदांत हारिमने लिहिलं: ‘कुकर लावा. वाफ सुटली की बाळाला खाली ठेवा, डोकं कुकरच्या दिशेला. पांढरा तांदूळ नको, हातसडीचा घ्या. त्याला वेळ जास्त लागतो, तेवढी झोप जास्त.’ आणि प्रतिसादाला वजन यावं म्हणून शेवटी जोडून दिलं: ‘तीन मुलांवर करून पाहिलंय.’

एकेचाळिसाव्या सेकंदाला मांदू रडली. हारिम ते सगळं विसरून गेली.

कट्टा विसरला नाही. आठवड्याभरात त्याला नाव पडलं, ‘भाताची पद्धत’. कोणीतरी तक्ता काढला: तांदळाचा प्रकार, कुकरपासूनचं अंतर, झोपेची मिनिटं. कोणी कुकरच्या फुसफुसाटाचं तासाभराचं ध्वनिमुद्रण टाकलं, त्यावर ‘खऱ्या भाताची सर नाही’ म्हणून वाद पेटला. चिकट तांदूळ चालेल का, या प्रश्नावर दोन गट पडून एकमेकींशी बोलेनासे झाले. हारिम हे सगळं तोंडात बोट घालून वाचत होती, आणि खरं सांगायचं तर तिला थोडा अभिमानही वाटत होता. मोजणी कचेरीत आठ वर्षं काढून तिचं एवढं कोणी ऐकलं नव्हतं.

मग एके दुपारी खालच्या मजल्यावरच्या बांगआजी दारात आल्या. दोन्ही हातांत डबे.

“मांदूची आई, भात घे बाई.” त्या सरळ आत येऊन बसल्या. त्यांची मुलगी आणि सहा आठवड्यांचा नातू सध्या त्यांच्याकडे होते, आणि मुलगी दिवसातून सहा वेळा कुकर लावत होती. फ्रीजमध्ये भात, बाल्कनीत भात, जावयाच्या डब्यात भाताखाली भात. “अगं, शास्त्र आहे ते. तुला ठाऊक नाही? तू लहान आहेस अजून. एका अनुभवी बाईने शोधून काढलंय. तीन मुलं वाढवलीत म्हणे तिने.”

“नातू झोपतो का पण?”

बांगआजींनी डब्याचं झाकण पुन्हा दाबून बसवलं. “झोपायला लागेल,” त्या म्हणाल्या. “पद्धत आहे म्हटल्यावर वेळ द्यायला हवा. तू करून तर बघ. तुमच्या पिढीचं हेच, जाणत्या माणसाचं ऐकायचं नाही.”

सांगायला लाज वाटते, पण त्या गेल्यावर हारिमने भाताची पद्धत करून पाहिली. पद्धत तिनेच रचली होती, तिला सगळं माहीत होतं. तरीही तीनशे चाळीस आया जर छाती ठोकून सांगतात की लागू पडली, तर आपण तरी कोण शंका घेणार? कोणी सांगावं, तिने नकळत खरंच काही शोधलंही असेल. बांगआजींचे शब्द कानात घुमत होते. तिने हातसडीचा लावला. वाफ सुटली. डोकं कुकरच्या दिशेला. मांदू रडली. तिने काळा तांदूळ लावला. मांदू रडली. तिसऱ्या खेपेला मात्र मांदूचे डोळे मिटले, ओठ सैल पडले, हारिमने हळूच हात सोडवून घेतला, आणि कुकर आपल्या गोड बायकी आवाजात खणखणीत बोलला, “स्वादिष्ट भात तयार आहे. छान हलवून घ्या.”

हलवायला कोणी उरलंच नाही. मांदूने जो टाहो फोडला त्याने भिंतीवरचं कॅलेंडर थरथरलं.

त्या संध्याकाळी इन्सोक चौथ्या वाडग्यानंतर म्हणाला की भात चांगला झालाय, पण आपण कोणाला बोलावलंय का? हारिम कट्ट्यावर गेली आणि लिहिलं: भाताची पद्धत आमच्याकडे लागू पडत नाही. पाच मिनिटांत उत्तरं आली. आपण नीट पाळत नसाल. आईच्या मनात शंका असेल तर बाळाला कळते. मूळ प्रतिसाद पुन्हा शांतपणे वाचा, त्या ताई फार अनुभवी आहेत. पहाटदवने स्वतः लिहिलं: ‘पद्धतीला दोष देण्याआधी स्वतःकडे बघावं.’ आपलंच थोबाड आपल्याच चपलेने, तेही दुसऱ्याच्या हातून, असा अनुभव मोजणी खात्यात येत नाही.

नव्व्याण्णवावा दिवस उजाडला तेव्हा तिचे नव्व्याण्णव प्रतिसाद झाले होते आणि मांदू गादीला टेकवता येत नव्हती. सासूबाई उद्या येणार होत्या. इन्सोकला त्यांनी फोनवर विचारून घेतलं होतं की पोरीची झबली साधारण किती असतील. हे ऐकल्यावर हारिम बाथरूममध्ये गेली, मांदूला छातीशी धरून टबाच्या काठावर बसली आणि तिच्या टाळूचा वास घेत राहिली. त्या वासाचं वर्णन करण्याची सोय कट्ट्यावर नव्हती. ते तण झालं असतं.

शंभराव्या प्रतिसादासाठी तिने समोर आला तो पहिला प्रश्न उघडला. विचारणारी नवीन होती, साधी अंकुर, नाव ‘वाळका पाला’. लिहिलं होतं: ‘माझ्या ओळखीच्या एका बाईची सून बाळंतपणापासून झोपलेली नाही. बाळ सतत कडेवर. ती सुकत चालली आहे. ओळखीच्या बाईला वाटतं की बाळाला आपल्याकडे न्यावं म्हणजे सुनेला झोप मिळेल. सून काही बोलत नाही. ओळखीच्या बाईला कळत नाही की हे बरोबर आहे का.’

हारिमने एरवी इथे काहीतरी उपयुक्त लिहिलं असतं. पण त्या दिवशी तिचा अंगठा तिच्या ताब्यात राहिला नाही.

‘तुमच्या ओळखीच्या बाईला सांगा,’ तिने लिहिलं, ‘बाळ न्यायची भाषा तोंडातून काढू नका. तिची झोप गेली आहे, त्यावर तिचं मूल नेणं हा उपाय कुठल्या डोक्यातून आला? सकाळी जा. बेल वाजवू नका, दारावर बोटाने टकटक करा. चप्पल काढताना स्वयंपाकघराकडे बघू नका. शेवाळाचं सूप नेऊ नका; तळलेली कोंबडी न्या. बाळाला पाठीवर बांधा आणि सुनेला म्हणा, झोप. एवढंच. ती उठेपर्यंत एकही सल्ला देऊ नका. जिभेवर आला तर गिळा. हे जमत नसेल तर तुमच्या ओळखीच्या बाईने घरीच बसावं.’

पाठवल्यावर तिला वाटलं, हेही उपटणार. पण दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता सूचना आली: ‘अभिनंदन, गार कॉफी ७२. आपण आता झाड आहात.’

तिने मांदूला डाव्या खांद्यावर सरकवलं आणि अंगठ्याने ते कुलूप उघडलं. पहाटदवच्या लेखात आता फक्त चार ओळी होत्या. ‘मैत्रिणींनो, आधी इथे लिहिलेलं सगळं मी काढून टाकलं आहे, कारण खरं सांगायचं तर त्याने आमच्याकडे फरक पडला नव्हता. आता एकच खात्रीचा उपाय सांगते.’ आणि खाली, जसाच्या तसा, तीन मुलांसकट, हारिमचा अडतिसावा प्रतिसाद.

एकोणतीस दिवस खपून जिथे पोचली, तिथे तीच बसलेली होती.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. बोटाने.

बेल असताना टकटक कोण करतं, असं वाटून तिने दार उघडलं. दारात सासूबाई. एका हाताला शंभराव्या दिवसाच्या पांढऱ्या वड्यांची टोपली, इन्सोक जिन्यात आणखी दोन घेऊन धापा टाकत असलेला. आणि दुसऱ्या काखेत, सकाळी साडेनऊ वाजता, तेलाचे डाग पडलेला तळलेल्या कोंबडीचा खोका.

हारिम त्या खोक्याकडे बघत राहिली. सासूबाईंनी चप्पल काढली. ती काढताना त्यांनी मान अशी काही उजवीकडे वळवून धरली होती की जणू लचकच भरली आहे, आणि मग त्या भिंतीला धरून, खेकड्यासारख्या आडव्या चालत, स्वयंपाकघराला पूर्ण पाठ देऊन खोलीत आल्या. वाटेत त्यांची नजर मांदूच्या उघड्या पायांवर पडली. तोंड उघडलं. ‘पा’ दिसला, अगदी ओठांवर आलेला दिसला. मग गळ्याचं हाड वर गेलं, खाली आलं. गिळला.

“दे तिला,” त्या म्हणाल्या. पिशवीतून त्यांनी इन्सोकच्या वेळचं, विटलेलं दुपटं काढलं, पोरीला पाठीवर घेतलं आणि छातीवर गाठ मारली. “झोप.”

“आई, पण आज पाहुणे, वड्या वाटायच्या...”

“झोप.”

हारिमने उभ्याउभ्या कोंबडीची एक तंगडी खाल्ली, आणि दुसरी हातात असतानाच, गादीवर, ज्या गादीवर शंभर दिवस कोणीच झोपलं नव्हतं, आडवी झाली.

ती उठली तेव्हा ऊन भिंतीच्या दुसऱ्या कोपऱ्यात गेलं होतं. इन्सोक वड्या वाटून आला होता. शंभर जणांच्या तोंडी पडल्या की लेकरू शतायुषी होतं, म्हणून तो तिन्ही इमारती चढला होता. वडी आलेलं ताट रिकामं परत करायचं नाही, ही रीतही सगळ्यांनी पाळली होती. घरात जे होतं ते प्रत्येकाने घातलं होतं. टेबलावर भाताचे एकवीस डबे होते. तो त्यांच्याकडे बघत बसला होता.

सासूबाई खिडकीशी डुलत उभ्या होत्या. पाठीवर मांदू गाल चपटा करून घोरत होती. शेजारी वाफाळता कप होता. “कॉफी घे. गरम आहे.”

शंभर दिवसांतली ती पहिली गरम कॉफी. हारिमची जीभ पोळली आणि डोळ्यांत पाणी आलं. त्याचं कारण जीभच, असं तिने ठरवून टाकलं.

“मी आज हिला न्यायला येणार होते,” सासूबाई बाहेर बघत म्हणाल्या. “नाही नेत. बुधवारी बुधवारी येत जाईन. मला समजावलं एका बाईने. कट्ट्यावर असते. तीन मुलं आहेत तिला. फार फटकळ, सासूला तर अगदी धुऊनच काढते. पण झोपलेली नसावी बिचारी. नाव लावते गार कॉफी बहात्तर.”

हारिमने कप तोंडाला लावून ठेवला. वाळका पाला. दर पंधरवड्याला खोक्यातून येणारा.

“एकदा भेटायला हवं तिला,” सासूबाई म्हणाल्या.

“नका भेटू, आई. कट्ट्यावरच्या बायका घरात फार पसारा करतात.”

“असू दे. मी कुठे बघतेय.” त्यांनी खिडकीबाहेरची नजर काढली नाही. मग म्हणाल्या, “पूर्ण उठलीस ना तू?”

“हो, आई.”

“नक्की?”

“हो.”

“मग हिला पायमोजे घाल.”